बांध पेटवू नका: सोलापूरच्या माळावरचे रानजीव शेताच्या कडेला कसे राखायचे

ज्वारी काढून झाली, कडबा गंजीला लागला की आमच्याकडं पुढचं काम ठरलेलं, बांध पेटवायचा. मीही लहानपणापासून हेच बघत आलो आणि मोठा झाल्यावर स्वतःही केलं. एका वर्षी एप्रिलच्या शेवटी बांध पेटवला आणि दुसऱ्या दिवशी राखेतून चालताना बोरीच्या बुडख्याशी तित्तराचं घरटं दिसलं. घरटं म्हणजे काय, जमिनीत जरासा खळगा, आत सहा अंडी, सायीच्या रंगाची, एका बाजूनं काळी पडलेली. हातात घेतलं तर अजून कोमट होतं, पण ते आगीमुळं, तित्तरामुळं नाही. त्या दिवसापासून मी बांध पेटवलेला नाही, आणि गेल्या काही वर्षांत काय काय करून बघितलं, काय जमलं, ते सगळं इथं नीट लिहितोय, म्हणजे उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, अक्कलकोट कुठंही कोरडवाहू शेती असणाऱ्याला उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जंगल म्हणलं की आपल्याला सह्याद्री आठवतो, उंच झाडं, धबधबे वगैरे. आपल्याकडं पाऊस वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर, त्यात जमीन मुरमाड, इथलं रान म्हणजे माळ, ओढ्याकाठची काटेरी झुडपं आणि बांध. लांडगा, खोकड, काळवीट, ससा, रानमांजर, मुंगूस आणि धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी, सगळे याच रानाचे. १९७९ साली नान्नज धरून सोलापूर आणि नगर जिल्ह्यातल्या मोठ्या पट्ट्यावर माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते या माळासाठीच. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा आकडा ८,४९६ चौरस किलोमीटरचा होता, पुढं तो १,२०० च्या आसपास आणला, कारण त्यात गावंच्या गावं आणि शहरं पण येत होती. माळढोक आता दिसणं म्हणजे नशीब, पण बाकीचे जीव अजून आहेत आणि त्यातले बरेच सरकारी हद्दीत नाही तर आपल्या शेतात, आपल्या बांधावर राहतात, म्हणून आपण काय करतो याला लई महत्त्व आहे.

मला ही बांधाची कल्पना पटली ती ब्रिटनमधल्या डॉर्माउसमुळं. डॉर्माउस म्हणजे सोनेरी रंगाचा, झुपकेदार शेपटीचा झाडावर राहणारा छोटा प्राणी, एरवी वजन २० ग्रॅमच्या आतबाहेर, हिवाळ्याची लांब झोप घ्यायच्या आधी खाऊन खाऊन ३० च्या वर जातो. जागा असेपर्यंत तो शक्यतो जमिनीवर उतरतच नाही, फांदीवरून फांदीवर जातो, आणि दोन जंगलांच्या मधे शेती असेल तर शेताच्या कडेची झुडपांची कुंपणं हाच त्याचा रस्ता. कुंपण तोडलं की रस्ता बंद, इकडचे इकडं आणि तिकडचे तिकडं अडकून हळूहळू संपतात. तिकडं लोक त्याच्यासाठी लाकडी पेट्या लावतात, दार झाडाच्या खोडाकडं तोंड करून, आणि हेझलची झाडं एकदम न तोडता वाफ्यावाफ्यानं आळीपाळीनं छाटतात. आपल्याकडं तो नाही. मलबार काटेरी डॉर्माउस म्हणून एक आहे तो दक्षिण सह्याद्रीच्या दाट जंगलात. पण तत्त्व तेच आहे, आमच्या सशाला, मुंगसाला, खोकडाला एका माळावरून दुसऱ्या माळावर जायचं तर मधला रस्ता म्हणजे बांध आणि ओढा.

आता काम.

पहिलं काम, काहीही लावायच्या आधी वर्षभर नुसतं बघा. खरंच सांगतो, लोक उत्साहात जूनमधे रोपं आणतात आणि जिथं टिटवी अंडी घालते तिथंच खड्डे घेतात. एक साधी शंभर पानी वही घ्या, शेताचा कच्चा नकाशा काढा, बांध, ओढा, ओघळ, विहीर, शेततळं, पडीक तुकडा सगळं दाखवा आणि महिन्यातून दोनदा सकाळी सूर्य उगवायच्या वेळेला फेरी मारा. काय दिसलं, कुठं दिसलं, बिळं कुठं आहेत, लेंड्या कुठं आहेत. खोकडाची जागा ओळखायला सोपी असते, उघड्या माळावर जरा उंचवट्याला एकाला एक लागून तीन चार तोंडं असलेलं बीळ, बाहेर माती उकरलेली, आणि विष्ठेत बोराच्या आठळ्या. हो, खोकड बोरं खातो, उंदीर, टोळ, वाळवी पण खातो, म्हणजे आपल्या शेताचा राखणदारच. त्याची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमधे बिळाबाहेर खेळताना दिसतात, तेव्हा त्या बाजूला नांगर, जेसीबी काही नेऊ नका आणि रोज रोज बघायलाही जाऊ नका, कारण माणसाची ये-जा वाढली की मादी पिल्लं उचलून दुसरीकडं नेते.

दुसरं काम बांधाचं आणि यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो.

पेटवणं बंद करायचं म्हणजे बांध तसाच सोडायचा असं नाही. काँग्रेस गवत आलं असेल तर फुलायच्या आधी हातमोजे घालून मुळासकट उपटा, वेडी बाभूळ आली असेल तर बुडासकट खणून काढा, नुसती कापली तर दुप्पट फुटते. घाणेरीचंही तेच. बाकी मारवेल, पवन्या, कुसळी, तरवड, हिवर, बोर, बाभूळ, हेकळ हे आपलं आहे ते राहू द्या. गवत कापायचंच असेल तर दिवाळीनंतर बी पडून गेल्यावर कापा, तेही सगळा बांध एका वर्षी नाही. मी बांधाचे तीन भाग केलेत, दर वर्षी एकाच भागाचं गवत कापतो आणि त्याच भागातली झुडपं छाटतो, दोन भाग तसेच ठेवतो. झुडपाची छाटणी बोरं संपल्यावर, आणि कोयता चालवायच्या आधी झुडूप हातानं बाजूला करून आत घरटं आहे का बघायचंच, असेल तर ते झुडूप यंदा सोडायचं. म्हणजे कुठल्याही वर्षी लपायला जागा असतेच.

जिथं बांध उघडा आहे तिथं जिवंत कुंपण लावायचं. रोपवाटिकेतून महाग रोपं आणायची गरज नाही, बियाणं गावातच आहे. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातलं घ्या, शेळ्या शेंगा खातात आणि रवंथ करताना बिया टाकून देतात, त्या बिया झाडाखालच्या बियांपेक्षा लवकर उगवतात कारण वरचं कडक टरफल नरम झालेलं असतं. बोराच्या आठळ्या एक दिवस पाण्यात भिजवा. सागरगोटा लावायचा तर बी खरखरीत दगडावर एका बाजूनं घासा, लहानपणी घासून चटके देत होतो ना एकमेकांना तसंच, पण इथं आतला पांढरा भाग जरासा दिसेपर्यंत, मग रात्रभर भिजत ठेवा. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की दोन ओळीत टोकायचं, दोन ओळींच्या मधे दीड फूट अंतर, ओळीत बी एक एक फुटावर, दुसरी ओळ पहिलीच्या मधे मधे येईल अशी. एकच जात लावू नका, बोर हिवाळ्यात खायला देतं, तरवडाला फुलं असतात त्यावर मधमाश्या आणि फुलपाखरं, हिवर सावली देतो, सागरगोटा जनावर अडवतो. घायपात आधीची असेल तर राहू द्या पण नवीन लावू नका, तिच्यात खायला काही नसतं.

पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपावं लागतं, त्यासाठी बोरी-बाभळीच्या फेसाट्या म्हणजे काटेरी फांद्या ओळीवर आडव्या टाका, तार नको. तारेत ससा अडकतो, आणि करंट सोडलेली तार तर अजिबात नको, ती माणसाला पण मारते आणि त्यातून गुन्हा दाखल होतो. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसाला बुडाशी एक तांब्या पाणी मिळालं तरी बरीच जगतात.

लोक म्हणतात जागा वाया जाते. हिशोब करा, १०० मीटर लांब आणि १ मीटर रुंद पट्टी म्हणजे जेमतेम एक गुंठा. आणि बांध दोघांचा असतो हे विसरू नका, शेजाऱ्याला न विचारता लावलं तर कुंपण राहील बाजूला आणि बांध कोरल्याची तक्रार तहसीलात जाईल. माझ्या शेजारच्या काकांना मी आधी सांगितलं, ते म्हणाले सावलीनं माझी ज्वारी बारीक राहील, मग त्यांच्या बाजूला उंच झाड नको फक्त तरवड आणि बोर, छाटून कमरेएवढी ठेवायची, असं ठरलं. आता तेच बोरं न्यायला येतात.

सापाची भीती सगळे घालतात. ती खरी आहे, घोणस, नाग, मण्यार, फुरसं आपल्याकडं आहेतच. म्हणून दाट झुडूप वस्तीच्या घराला चिकटून ठेवू नका, मधे २५ ३० फूट जागा झाडून साफ ठेवा, रात्री बॅटरी आणि बूट घेतल्याशिवाय पाणी द्यायला जाऊ नका आणि कडबा उचलताना आधी काठीनं हलवा. चावलाच तर मांत्रिक वगैरे नाही, हात-पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना, लस तिथं मिळते.

तिसरं, माळावर झाडं लावू नका. हे वाचून काही जणांना राग येईल, मला माहितीये, पण हे मी मनापासून लिहितोय. माळ म्हणजे ओसाड पडलेली जागा नाही, तो तसाच असतो. माळढोक एकच अंडं घालतो तेही उघड्या जमिनीवर, धाविक, टिटवी, चंडोल सगळे जमिनीवरच, आणि त्यांचा जीव कशावर असतो तर लांबून येणारा शत्रू दिसण्यावर. तिथं ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरीच्या रांगा उभ्या केल्या की कावळ्यांना बसायला जागा होते, अंडी वरून दिसतात, काळविटाला पळायला मोकळीक राहत नाही आणि खड्डे घेताना गवताची मुळं तुटतात ते वेगळंच. शाळेनं, मंडळानं, कुणी वृक्षारोपण ठरवलं तर त्यांना अडवू नका, जागा बदलून द्या. ओढ्याचा काठ, रस्त्याची कड, शाळेचं पटांगण, देवळाचं आवार इथं कडुलिंब, करंज, चिंच, अंजन लावा की भरपूर. माळावर करायचं ते इतकंच, चराई आळीपाळीनं, एक तुकडा पावसाळाभर बंद आणि दुसरा उघडा, पुढच्या वर्षी उलट. धनगर बांधवांशी बसून बोला, मेंढ्या कुठं बसवायच्या हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं आणि लांडगा कुठं आहे हे पण.

चौथं, शेततळं आणि विहीर. आता जिकडं तिकडं शेततळी झाली, ५०० मायक्रॉनचा काळा प्लास्टिकचा कागद घातलेली, चारी बाजूनं उतार आणि कागद असा गुळगुळीत की एकदा आत गेलेला जीव बाहेर येत नाही. माझ्याच शेततळ्यात मे महिन्यात सकाळी एक खोकड सापडला, मेलेला. कागदावर पाण्याच्या रेषेच्या वर हातभर उंचीपर्यंत नखांचे ओरखडे होते, चारी बाजूंनी, म्हणजे रात्रभर तो कडेकडेनं पोहत फिरला असणार आणि प्रत्येक बाजूनं चढायचा प्रयत्न केला असणार. ते ओरखडे मी अजून विसरलो नाही.

त्याच आठवड्यात शिड्या केल्या. करायला सोप्या आहेत. जुनी बारदानं चार पाच एकाला एक सुतळीनं शिवून दोन फूट रुंदीची लांब पट्टी करा, दोन्ही कडांना नायलॉनची दोरी ओवा, आणि दर फुटावर जुन्या ड्रीपच्या नळीचा तुकडा आडवा बारदानात गुंडाळून बांधा म्हणजे पाय ठेवायला पायरी होते आणि कागदही फाटत नाही. वरचं टोक तळ्याच्या बांधावर खुंटीला पक्कं, खालच्या टोकाला वाळूची छोटी पिशवी म्हणजे पट्टी तरंगत नाही, आणि लांबी इतकी की पाणी तळाला गेलं तरी पट्टीचं टोक पाण्यात राहिलं पाहिजे, इथंच लोक चुकतात, तळं भरलेलं असताना मापं घेतात आणि एप्रिलमधे पट्टी हवेत लटकते. चारी कोपऱ्यात एक एक लावा कारण पोहणारा जीव कडेनं जात जात शेवटी कोपऱ्यातच येतो. बारदान वर्षा दोन वर्षात कुजतं, दर फेब्रुवारीत हातानं ओढून बघा. तळ्याला जाळीचं कुंपण असेल तरी शिड्या लावाच, ससा आणि मुंगूस खालून घुसतात, आणि लेकरू पडलं तर त्यालाही हीच शिडी उपयोगी पडते.

विहिरीला तीन फुटाचा कठडा बांधा. पडीक आड असेल तर तोंड जाळीनं झाका, नाहीतर निदान एक लांब ओबडधोबड लाकूड तिरकं सोडून ठेवा.

प्यायचं पाणी वेगळं ठेवलं तर जनावरं तळ्याकडं कमी जातात. पाणवठा बशीसारखा करा, सहा सात फूट रुंद, कड जमिनीच्या बरोबरीची आणि मधे फार तर एक फूट खोल, सिमेंट घोटून गुळगुळीत करू नका, खरबरीत ठेवा. एका बाजूला थोड्या अंतरावर झुडूप, दुसरी बाजू पूर्ण उघडी. रस्त्यापासून आणि वस्तीच्या कुत्र्यांपासून लांब. आठवड्यातून एकदा खराट्यानं घासून नवीन पाणी. आणि फेब्रुवारीत सुरू केलं तर पाऊस पडेपर्यंत बंद करायचं नाही, मधेच मे महिन्यात टँकर परवडत नाही म्हणून थांबलात तर सवय लागलेली जनावरं फसतात, म्हणून जेवढं झेपतं तेवढाच छोटा करा.

पाचवं, उंदराचं औषध. उंदीर नुकसान करतो हे मान्य. पण ब्रोमॅडिओलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस अर्धमेला फिरतो, आणि असा सुस्त उंदीर घुबडाला, खोकडाला, मुंगसाला, रानमांजराला आयता सापडतो, विष त्यांच्याही पोटात जातं. म्हणजे उंदीर खाणाराच आपण मारतो आणि पुढच्या वर्षी उंदीर परत दुप्पट. त्यापेक्षा पिंजरे लावा, बिळं मोजून बुजवा आणि दुसऱ्या दिवशी जी उघडी दिसतील तिथंच काम करा, सगळीकडं औषध टाकत सुटू नका. हरभऱ्यात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे लावा किंवा जुन्या लोकांसारखी पेरताना मूठभर ज्वारी टाका, ताटावर कोतवाल, साळुंकी, वेडा राघू येऊन बसतात आणि घाटेअळी वेचतात. गव्हाणी घुबड गोठ्यात राहत असेल तर अपशकुन म्हणून हाकलू नका, एक जोडी पिल्लं वाढवताना रात्रीत किती उंदीर आणते ते एकदा घुबडानं ओकून खाली टाकलेल्या गोळ्या फोडून बघा, केस आणि कवट्याच कवट्या.

सहावं, काढणीच्या वेळेला. उजनीचं पाणी आल्यापासून ऊस वाढला आणि रानमांजर उसात पिल्लं घालायला लागलं. ऊसतोड चालू असताना टोळीतल्या कुणाला तरी पिल्लं सापडतात, लोक कौतुकानं घरी नेतात, दूध पाजतात आणि ती मरतात. असं करू नका. तेवढ्या पट्ट्यातलं काम थांबवा, फोटो काढायला गर्दी करू नका, पिल्लं होती त्याच जागी राहू द्या, फार ऊन असेल तर वर पाचटाची सावली करा, जागा हलवावीच लागली तर उथळ खोक्यात ठेवून दहा पंधरा पावलांवर बांधाला. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खोटं आहे. अंधार पडला की ती येते आणि एक एक करून मानगुटीला धरून नेते, सकाळी खोकं रिकामं असतं. सकाळीही तिथंच असली, किंवा पिल्लं बिबट्याची असल्याची शंका आली, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा आणि स्वतः हात लावू नका. ऊस गेल्यावर पाचट जाळू नका, कुट्टी करून सरीत दाबा, जमिनीला पण चांगलं आणि त्यात अडकलेले जीव पण वाचतात.

कुत्र्यांचं थोडक्यात सांगतो पण हलक्यात घेऊ नका. मोकाट कुत्र्यांची टोळी काळविटाची पाडसं, ससे धरते, आणि त्यांच्याकडून रेबीज, डिस्टेंपरसारखे रोग लांडगा-खोकडात जातात. आपल्या वस्तीवरच्या कुत्र्याला लस, नसबंदी, रात्री बांधून ठेवणं, आणि मेलेली कोंबडी, मेलेलं जनावर उघड्यावर न टाकता पुरणं, एवढं तर आपल्या हातात आहे. लांडग्यानं शेळी मेंढी मारली तर रागानं मढ्यावर विष टाकू नका, मढं हलवायच्या आधी फोटो काढा आणि लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा झाला तर नुकसानभरपाई मिळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा, काळवीट, माळढोक पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ससा, तित्तर मारणं हा पण गुन्हाच आहे, पार्टीसाठी फासे लावणाऱ्यांना हे तोंडावर सांगा.

शेवटचं काम नोंदीचं, हे मला सगळ्यात आवडतं. मोबाईलवर आयनॅचरलिस्ट नाहीतर ईबर्ड हे नोंदीचं ॲप टाका, फोटो चढवा, फक्त लांडग्याच्या गुहेचं किंवा घरट्याचं ठिकाण उघडं करू नका, लोकेशन झाकायची सोय असते ती वापरा आणि व्हॉट्सॲपवर तर पत्ता टाकूच नका, दुसऱ्या दिवशी गाड्या येतात.

मोबाईल नसेल तरी चालतं. बांधाला जिथं पायवाट पडलीये तिथं संध्याकाळी चार फूट लांब दोन फूट रुंद बारीक फुफाट्याची पट्टी चाळून पसरा, हातानं सपाट करा आणि सकाळी ऊन तिरकं असताना बघा, तेव्हा ठसा उठून दिसतो. नखांच्या खुणा आहेत आणि ठसा कुत्र्यासारखाच पण लहान, तर खोकड. गोल ठसा आणि नखंच नाहीत, तर मांजराच्या कुळातलं. पाच बोटं आणि पुढं लांब नखं, मुंगूस. आणि दोन लांबट ठसे पुढं, दोन लहान मागं, तर ससा, कारण पळताना त्याचे मागचे पाय पुढच्यांच्या पुढं पडतात. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा म्हणजे माप कळतं, वहीत तारीख आणि बांधाचा भाग लिहा, आणि निघताना पट्टी परत सपाट करा, नाहीतर उद्या कालचाच ठसा आजचा म्हणून लिहिला जातो.